टाकी वाहिली, त्याचं इंग्रजी

गच्चीवरची टाकी भरून वाहायला लागली की मराठी माणूस खिडकीतून ओरडतो, "अहो, मोटर बंद करा!" तेवढ्यावर काम भागतं. पंचाईत होते दुसऱ्या दिवशी, कारण त्याच टाकीबद्दल सोसायटीला पत्र द्यायचं असतं आणि ते इंग्रजीत द्यायचं असतं. मराठी तक्रारीला वजन नसतं, असा आपला एक पक्का समज आहे.

मनात असतं, "मोटर बंद करायला हवी होती." कागदावर उतरतं, 'द मोटर शुड हॅव स्विच्ड ऑफ.' म्हणजे मोटर आपली आपण बंद व्हायला हवी होती. टाकीत फ्लोट स्विच बसवला असेल तर वाक्य अगदी बरोबर आहे. पण आपल्याकडे फ्लोट स्विच म्हणजे वॉचमन. त्यामुळे हवं होतं 'द मोटर शुड हॅव बीन स्विच्ड ऑफ.' एका 'बीन'ने जबाबदारी यंत्रावरून माणसावर आली.

हा 'बीन' आपल्याकडून गळतो, त्याला मी आळस म्हणणार नाही. मराठीत कर्ता बिनदिक्कत गाळता येतो. "बंद करायला हवी होती," कोणी ते ज्याचं त्याने समजून घ्यावं. इंग्रजी वाक्याला मात्र कर्त्याच्या खुर्चीत कोणीतरी बसलेलं लागतं. वॉचमनचं नाव घ्यायचं नसेल, तर मोटरीला उचलून तिथे बसवावं लागतं, आणि ही बाई इथे काही करत नाहीये, तिला केलं जातंय, हे सांगायला 'बीन' लागतो. तो विसरलात की अनर्थ. 'द बिल शुड हॅव पेड' या वाक्यात बिलानेच खिशात हात घातलेला असतो.

बरं, 'शुड', 'हॅव', 'बीन' हा क्रम नुसता पाठ करून उपयोग नाही. कोण कोणाला काय नेसवतो ते कळलं पाहिजे. 'शुड', 'मस्ट', 'माइट' ही मंडळी आपल्या पुढच्या शब्दाला साध्या कपड्यांत, म्हणजे मूळ रूपात, उभं करतात, म्हणून कर्ता एकवचनी असला तरी 'हॅव'च. 'ही शुड हॅज' कधीच नाही. 'हॅव' आपल्या पुढच्याला तिसरं रूप देतो, म्हणून 'बी'चा 'बीन' होतो. 'बीइंग' नाही. आणि 'बीन'पाशी रस्ता फुटतो: गोष्ट केली गेली असेल तर पुढे तिसरं रूप, कोणी करत असेल तर आयएनजी. 'द टँक मस्ट हॅव बीन क्लीन्ड', टाकी धुतली गेली असणार. 'द टँक मस्ट हॅव बीन क्लीनिंग', टाकी हातात खराटा घेऊन काहीतरी धूत असणार. 'नॉट' घालायचाच, तर पहिल्या शब्दाला चिकटून: 'शुड नॉट हॅव बीन'. नियम एवढाच. बोलताना साहेबलोक यातला 'हॅव' गिळून 'शुडव्ह बीन' म्हणतात, म्हणून ऐकून शिकणाऱ्याला तो सापडतच नाही. खुद्द इंग्रजीच घरात बोलणारे कित्येकजण तो 'शुड ऑव्ह' (of) असा लिहितात. ही चूक आपण सहसा करत नाही. तेवढंच समाधान.

खरा घात 'पाहिजे' करतो. "वॉचमनने खाली जायला पाहिजे होतं" आणि "वॉचमन खाली गेला असला पाहिजे" ही दोन वाक्यं मराठी माणूस झोपेतही मिसळणार नाही. पहिल्यात ठपका आहे, दुसऱ्यात अंदाज. पण 'पाहिजे' म्हणजे 'मस्ट' हे शाळेत इतकं घोटलेलं असतं, की दोन्हींना 'मस्ट हॅव गॉन' लावून आपण मोकळे. 'मस्ट हॅव' भूतकाळात फक्त अंदाज सांगतो. ठपका ठेवायचा तर 'शुड हॅव गॉन'. जावंच लागलं असेल तर 'हॅड टू गो'. तक्रारीच्या पत्रात 'द वॉचमन मस्ट हॅव चेक्ड द टँक' असं लिहिलंत, तर तुम्ही त्याला चक्क निर्दोष सोडलंत: त्याने टाकी नक्की पाहिली असणार. शिवाय अंदाज उलटा करायचा तर सहसा 'मस्टन्ट' चालत नाही, तिथे 'कान्ट' येतो. "तो झोपला नसणार" म्हणजे 'ही कान्ट हॅव बीन स्लीपिंग'. अर्थात वॉचमनबद्दल हे वाक्य लिहायची वेळ क्वचित येते.

बाकीच्या खाचा पटकन सांगतो. 'हॅपन', 'कम', 'गो' या क्रियापदांना कर्म नसतं, म्हणून 'मस्ट हॅव बीन हॅपन्ड' होत नाही. नुसतं 'मस्ट हॅव हॅपन्ड'. 'नो' म्हणजे माहीत असणं, ते चालू अवस्थेत राहत नाही. "सेक्रेटरींना माहीत असणार" याला 'मस्ट हॅव नोन' पुरतं. 'मस्ट हॅव बीन नोइंग' लिहिलंत तर सेक्रेटरी सकाळपासून घाम गाळत माहीत असत बसलेत, असं वाटतं. कोणी फारच उत्साहात आलं, तर दोन्ही रस्ते एकत्र करून 'द टँक माइट हॅव बीन बीइंग क्लीन्ड' असंही लिहिता येतं, टाकी तेव्हा धुतली जात असेल. व्याकरणात बसतं, तोंडात बसत नाही. 'दे माइट हॅव बीन क्लीनिंग इट' म्हणा आणि पुढे चला.

शेवटी पत्रात दोनच ओळी लागतात. 'द मोटर मस्ट हॅव बीन रनिंग सिन्स सिक्स', सहापासून चालू असणार. हा अंदाज, कारण सहाला तुम्ही अंथरुणात होता. आणि 'इट शुड हॅव बीन स्विच्ड ऑफ बाय सेव्हन'. इथे 'बाय', 'अ‍ॅट' नको. सातच्या आत कधीही बंद झाली असती तरी तुमची हरकत नव्हती.

पत्र लिहून होईपर्यंत वरून पुन्हा धार लागलेली असते. तेव्हा मात्र 'मस्ट हॅव बीन ओव्हरफ्लोइंग' लिहायला घेऊ नका. 'मस्ट' न पाहिलेल्या गोष्टीला. डोळ्यांदेखत वाहणाऱ्या टाकीला 'इट इज ओव्हरफ्लोइंग' पुरे, आणि तेही खिडकीतून, मराठीत.