ऐकलंत ना? मग पोटात ठेवा

दुपारी जेवायला बसलो आणि पुतण्याने हौसेने रील दाखवली. सड्यावर लॅपटॉप नेला, रेडिओलहरी पकडणारा डोंगल लावला, समुद्रावरून जाणाऱ्या फौजी विमानाच्या पायलटचं बोलणं पकडलं. वर जागा आणि वेळही लिहून टाकली. "काकानू, पंधरा हजार व्ह्यूज!" माझा घास हातातच राहिला.

मी जहाजावर मार्कोनी होतो. म्हणजे रेडिओ ऑफिसर, पण सगळे मार्कोनीच म्हणायचे. कानावर पडेल ते बाहेर बोलायचं नाही, हे आमच्या सर्टिफिकेटबरोबरच आलं. १९८९ च्या हिवाळ्यात उत्तर अटलांटिकमध्ये होतो. एक मासेमारी बोट बेपत्ता झाल्याचा निरोप आला. मी रिसीव्हर ५६८० किलोहर्ट्झवर लावला, शोधमोहिमेची विमानं तिथे बोलतात. ब्रिटिश हवाई दलाचं निमरॉड विमान वर घिरट्या घालत होतं. आम्ही फार लांब होतो, नुसतं ऐकणं हातात होतं. एकेक चौकोन शोधून झाला की पायलट सांगायचा, काही दिसलं नाही.

त्या बोटीचं नाव मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

आणि हे पोरगं फौजेचं बोलणं गाणं लावून गावभर वाटतं! अरे, तो तिथे इंधन किती उरलं ते सांगतो, उंची सांगतो, परत कधी फिरणार ते सांगतो. व्ह्यूजसाठी?

लहरी हवेत मोकळ्याच असतात, मान्य. फौजी विमानं २२५ ते ४०० मेगाहर्ट्झमध्ये बोलतात, हे कुठल्याही पुस्तकात मिळेल. म्हणून काय झालं? शेजाऱ्याची खिडकी उघडी असते म्हणून आपण कान लावून चव्हाट्यावर सांगतो का? शिवाय आपल्याकडे लायसन्सशिवाय असले उद्योग कायद्यातही बसत नाहीत. हॅमची, म्हणजे हौशी रेडिओची परीक्षा दे म्हणून दोन वर्षं मागे लागलोय त्याच्या.

खरं सांगतो, पोराचा कान चांगला आहे. त्याने मला विचारलं, "पायलट ऐकू येतो, मग विमानतळाचा टॉवर का नाही?" बरोबर प्रश्न. विमान दहा किलोमीटर उंचीवर असलं की चारशे किलोमीटरवरूनही सरळ रेषेत येतं. टॉवर जमिनीवर, डोंगराआड. म्हणून अर्धंच बोलणं हाती लागतं, उरलेलं आपल्या मनाने भरायचं नसतं.

त्या रात्री पहाटेकडे निमरॉडच्या पायलटने इंधनामुळे परत फिरतोय असं सांगितलं. पण त्याआधी दोन-तीन सेकंद बोलायचं बटण दाबून तो नुसता गप्प होता. मागे इंजिनांची घरघर. रेडिओरूमच्या घड्याळावर तेव्हा लाल-हिरवे पट्टे असायचे, काटा लाल पट्ट्यात आला की संदेश पाठवायची मोर्सची चावी बंद ठेवून फक्त ऐकायचं. त्यातला एक पट्टा मी त्या घरघरीत बघत बसलो होतो. ती दोन-तीन सेकंदं मी कोणाला ऐकवू? त्याची होती ती.

संध्याकाळी पुतण्याला एवढं सांगितलं. तो काहीच बोलला नाही, पायरीवर बसून राहिला. रील अजून काढलेली नाही. जातो, परत बसतो त्याच्याजवळ.