एकच गाडी तीनदा कशी विकत घ्यावी

अभिनंदन! नागरिकत्वाची शपथ झाली, छोटा झेंडा हलवून झाला, आणि आता कॅलिफोर्नियात, सांता क्लारा काउंटीतल्या तुमच्या पत्त्यावर पहिली मतपत्रिका आली आहे. सोबतच्या जाडजूड माहितीपुस्तिकेवर एव्हाना चहाच्या कपाचं वर्तुळ उमटलं असेलच. न्यायाधीश, पाणीबोर्ड वगैरे सोपं असतं, काहीही माहीत नसताना मत देता येतं. नवखा माणूस अडतो तो सार्वजनिक वाहतुकीसाठी लावायच्या विक्रीकराशी. तुम्ही अडू नका.

पहिलं म्हणजे अर्ध्या सेंटाला घाबरायचं नाही. डॉलरमागे अर्धा सेंट! रस्त्यात अख्खा सेंट पडलेला दिसला तरी आपण वाकत नाही. राज्याचा मूळ दर 7.25 टक्के, त्यावर असे पाव-अर्धे चढत आपण 9 च्या पुढे कधी गेलो, हे विचारणारा चिंगूस ठरतो. शिवाय हा कर घर घेताना लागत नाही, शेअर विकताना लागत नाही. एल कमिनो रस्त्यावरच्या दुकानातून डाळ-तांदूळ नेलेत तरी नाही. त्याच दुकानातला गरम समोसा बांधून घेतलात की मात्र लागतो. रेल्वेचं भुयार खणायचं ते तुमच्या समोशावर आणि मागे भांडी घासणाऱ्याने पोराला घेतलेल्या बुटांवर. दर दोघांनाही सारखाच, म्हणजे समता आलीच. तो रात्री 22 नंबरच्या बसने घरी जातो. तुम्ही त्या बसच्या बाजूने जाता.

आता मुख्य खरेदी. सन 2000 च्या नोव्हेंबरात इथल्या मतदारांनी मेझर ए हा मतपत्रिकेवरचा ठराव मंजूर केला: बार्टची, म्हणजे बे एरियातल्या मेट्रोची, गाडी सॅन होजेत येणार, त्यासाठी अर्धा सेंट, 30 वर्षं. लगेच डॉट-कॉमचा फुगा फुटला, विक्री घसरली, आणि ज्या कराच्या भरवशावर आकडे मांडले होते तोच आटला. हरकत नाही. 2008 साली तीच गाडी पुन्हा घेतली, या वेळी ती चालवायच्या खर्चासाठी, फक्त एक अष्टमांश सेंटात. 2016 साली मेझर बी आलं. आणखी अर्धा सेंट, आणखी 30 वर्षं, आणि कामांच्या यादीत पंधराही शहरांतल्या खड्ड्यांच्या जोडीला पुन्हा तीच गाडी. सुमारे 72 टक्के लोकांनी होकार दिला. मग कुणीतरी दावा ठोकला आणि गोळा झालेले पैसे निकाल लागेपर्यंत तसेच पडून राहिले. मधल्या काळात खड्ड्यांनी कळ काढली.

गाडी आलीच नाही असं म्हणणं मात्र अन्याय होईल. मिलपिटास आणि बेरीएसापर्यंत ती आली, 2020 च्या जूनमध्ये, अख्खं गाव घरात कोंडलेलं असताना. उरलं ते सहा मैलांचं काम, सॅन होजेच्या मध्यवस्तीतून सांता क्लारापर्यंतचं. त्याचा खर्च एकेकाळी 4.7 अब्ज डॉलर सांगत होते, आता 12 अब्जांच्या वर गेलाय. गाडी धावायचा अंदाज 2037 च्या आसपासचा. आणि 2000 साली मंजूर झालेला कर? तो 2006 पासून लागू झाला, 30 वर्षं भरली की 2036 मध्ये संपतो. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. म्हणून आत्ताच सवय लावून घ्या, चौथ्या खरेदीची वेळ आली तर पेन शोधत बसायला नको.

कर मंजूर होण्याचं गणितही समजून घ्या, म्हणजे मित्रमंडळींत बोलता येईल. विशिष्ट कामासाठीचा कर सरकारी यंत्रणेने मांडला तर दोन तृतीयांश मतं लागतात. ही प्रपोझिशन 13 या राज्यभरच्या ठरावाची, 1978 सालची देणगी. 2008 ला आपल्याला 66.78 टक्के मिळाले आणि जीव भांड्यात पडला. लॉस एंजेलिसला 2012 साली अशाच करावर 66.11 मिळाले आणि ते हरले. शंभरातल्या सहासष्ट जणांनी हो म्हटल्यावर त्याला नकार म्हणायचा, ही लोकशाहीतली बारीक नक्षी. 2017 च्या एका कोर्टनिकालाने मात्र फट पाडून दिली. तोच कर नागरिकांनी सह्या गोळा करून मांडला, तर निम्म्याहून एक मत जास्त पुरतं. तेव्हा किराणा दुकानाबाहेर क्लिपबोर्ड घेतलेला मुलगा आडवा आला तर टाळू नका. सहीमागे त्याला पैसे मिळत असतील, पण तो नागरिक आहे. एसबी 63 या राज्याच्या 2025 च्या कायद्याने पाच काउंट्यांमध्ये 14 वर्षांच्या आणखी एका करासाठी हीच वाट मोकळी केली. सॅन फ्रान्सिस्कोत एक सेंट, आपल्याकडे अर्धाच. आपण स्वस्तात सुटलो.

एक शंका तुमच्या मनात येईल, कारण तुम्ही इंजिनियर आहात. विक्रीकराचा मोठा वाटा मोटारींच्या विक्रीतून येतो. म्हणजे लोकांना मोटारीतून उतरवायचं, तर आधी त्यांनी मोटारी घ्यायला हव्यात. बरोबर ओळखलंत. पन्नास हजारांची नवी मोटार घ्या, प्रत्येक अर्ध्या सेंटामागे अडीचशे डॉलर सार्वजनिक वाहतुकीला जातील. बसने फिरून एवढी मदत तुमच्या हातून होणार नाही. आणि इतर सगळे बसमध्ये बसले की 101 महामार्ग तुम्हाला मोकळा मिळेल. मत द्यायचं ते त्यासाठीच, हे सोसायटीत बोलू नका एवढंच.

झालं. लिफाफ्यावर सही करायला विसरू नका, त्यापायी बरीच मतं लटकतात. मतपेटी ग्रंथालयाबाहेर आहे. तिथे गाडी लावायला जागा मिळत नाही, पण समोरचा बसस्टॉप बहुधा रिकामाच असतो. धोक्याचे दिवे लावून तिथे थांबा. मागून बस आली आणि ड्रायव्हरने हॉर्न दिला, तर काच खाली करून लिफाफा दाखवा आणि म्हणा, ‘दोनच मिनिटं, तुमच्याच कामाला आलोय.’