उताराला मत नसतं

सर्वप्रथम अभिनंदन. डिसेंबर 2025 मध्ये गुलाल उधळून झाला, बॅनर अजून उतरले नसतील, आणि तुम्ही डोंगरावरच्या एका टुमदार, थंड हवेच्या, इको-सेन्सिटिव्ह म्हणजे पर्यावरणदृष्ट्या नाजूक गावाचे नगरसेवक झालात. इतकी वर्षं प्रशासकाच्या हाती असलेलं गाव आता तुमच्या हाती आलं आहे. सोबत त्याचा कचरा आणि त्याचं सांडपाणीही आलं आहे, हे हार घालताना कुणी सांगितलं नसेल. ते काम माझं.

घाबरू नका. हा प्रश्न सुटावा अशी गावातल्या कुणाचीच अपेक्षा नाही. तो दिसू नये, एवढीच आहे. त्यासाठी दोन कागद लागतात. एक, उतार दाखवणारा नकाशा. तो नगररचना विभागाच्या कपाटावर गुंडाळी करून ठेवलेला असतो. दुसरा, मतदारयादी, ती अजून तुमच्या उशाशीच असेल. दोन्ही काचेवर एकावर एक ठेवा आणि खालून दिवा लावा. जिथे उतार सुरू होतो आणि तुमची यादी संपते, तिथे बोट ठेवा. झाली कचऱ्याची जागा नक्की. डीपीआरमध्ये, म्हणजे प्रकल्पाच्या सविस्तर अहवालात, यालाच पुढे ‘पर्यायी स्थळांचा तौलनिक अभ्यास’ म्हणतात.

काही तज्ज्ञ मंडळी तुम्हाला उलटा क्रम शिकवू पाहतील. आधी भूजल बघा, खडक बघा, वारा कुठून कुठे वाहतो ते बघा, आणि मग जागा ठरवा. त्या पद्धतीत मोठा धोका आहे. तिच्यात जागा कुठेही निघू शकते, अगदी तुमच्या मेव्हण्याच्या फार्महाउसला लागूनही. म्हणून आधी जागा, मग सल्लागार, मग अहवाल. सल्लागाराला जागा दाखवायला नेताना गाडीत काही बोलू नका. ते समजूतदार असतात.

बोटाखाली बहुधा शेजारच्या ग्रामपंचायतीचं गायरान निघेल. यासारखं सुख नाही. सातबारावर सरकारचं नाव, म्हणजे मोबदला मागायला मालक नाही. गुरं चरतात, पण गुरांना हरकत नोंदवता येत नाही आणि गुराख्याला मुदत कळत नाही. कुणीतरी आठवण करून देईल की जानेवारी 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गावांच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं काढा असं सगळ्या राज्यांना बजावलं होतं आणि त्याच जुलैत आपल्या सरकारनंही तसा शासन निर्णय काढला होता. शांतपणे ऐकून घ्या. झोपडी असली तर ते अतिक्रमण. कचरा डेपो असला तर ते सार्वजनिक प्रयोजन.

आणि हो, ‘डेपो’ हा शब्द आजपासून बंद. कागदावर ‘घनकचरा व्यवस्थापन प्रकल्प’ लिहा, फाटकावर ‘पर्यावरण उद्यान’. फाटकाशी चार शोभेची झाडं आणि एक सेल्फी पॉइंट. फाटकाच्या आत उद्घाटनानंतर कुणी जात नाही, तुम्हीही जाऊ नका.

आता थोडे नियम. 2016 च्या घनकचरा नियमांत (2026 मध्ये त्यांच्या जागी नवे नियम आले) डोंगरावरच्या गावांसाठी वेगळी तरतूद होती. डोंगरावर भरावभूमी, म्हणजे कचरा पुरायची जागा, टाळायची, वर फक्त बंदिस्त हस्तांतरण केंद्र करायचं आणि उरलेला कचरा पायथ्याच्या सपाटीवर, 25 किलोमीटरच्या आत जागा शोधून तिथे न्यायचा. वाचायला किती छान! पण घाटातून रोज गाड्या उतरवायच्या म्हणजे डिझेल आलं, चालक आले, आणि पायथ्याच्या गावात तुमच्यासारखेच निवडून आलेले लोक आले. तेव्हा सोपा उपाय असा, की वरच्याच डेपोला ‘तात्पुरतं हस्तांतरण केंद्र’ म्हणायचं. नियमात ‘बंदिस्त’ असा शब्द होता, तर हिरवं शेडनेट बांधा. ‘तात्पुरतं’ म्हणजे किती वर्षं, हे मराठीत कुणी कधी मोजलेलं नाही.

भोवतीच्या मोकळ्या पट्ट्याचंही तसंच. दिवसाला 5 टनांहून जास्त क्षमतेच्या प्रकल्पाभोवती बांधकामबंदीचा पट्टा ठेवावा लागतो. तुमची क्षमता 4.9 टन. कसे काय 4.9, असं विचारायला जो येईल त्याला वजनकाटा दाखवा. तो बंद असतोच.

कचरा जाळायचा नाही, हे मात्र कटाक्षानं पाळा. महाबळेश्वर-पाचगणीची 2001 ची आणि माथेरानची 2003 ची इको-सेन्सिटिव्ह अधिसूचना, दोन्हींत त्याला स्पष्ट मनाई आहे. मग धूर कुठून येतो? इथे व्याकरण कामी येतं. आपल्या भाषेनं बऱ्याच सकर्मक क्रियापदांना एक अकर्मक धाकटा भाऊ दिला आहे, आणि लोकप्रतिनिधीनं आयुष्यभर त्या धाकट्याच्याच सोबत राहावं. कचरा कुणी पेटवला नाही, तो पेटला. टाकी कुणी फोडली नाही, ती फुटली. पाणी ओढ्यात सोडलं नाही, सुटलं. शाळेत हा धडा कंटाळवाणा वाटला होता. आता त्यावर तुमची पाच वर्षं उभी आहेत.

कचरा निदान वास मारतो, कुत्री जमवतो, त्याचे फोटो निघतात. सांडपाणी फार गुणी. ते गुपचूप जातं, रात्री जातं, उताराच्या बाजूनं जातं. म्हणून अकलेचा खरा कस तिथे लागतो.

प्रकल्पाची क्षमता ठरवण्यापासून सुरुवात करा. माणशी रोज 135 लिटर पाणी, त्यातलं 80 टक्के सांडपाणी, असा हिशेब. लोकसंख्या घ्यायची 2011 च्या जनगणनेची, कारण त्यानंतरच्या जनगणनेचा आकडा हाती नाही आणि ही सोय देवानंच केलेली आहे. पंधरा हजार वस्ती धरली तर रोजचे सोळा लाख वीस हजार लिटर, म्हणजे दीड-पावणेदोन एमएलडी (एक एमएलडी म्हणजे रोजचे दहा लाख लिटर). मग मे महिन्यात, दिवाळीत, नाताळात गावात पाय ठेवायला जागा नसते, तेव्हाचं काय? त्यांचं नाव जनगणनेत नाही आणि मतदारयादीतही नाही. ज्याला मत नाही त्याला मैला नाही. हॉटेलवाल्यांना मात्र पर्यटक मोजू द्या, तो त्यांचा धंदा आहे.

दुसरं वरदान म्हणजे जांभा. सह्याद्रीच्या माथ्यावरचा हा सच्छिद्र खडक आयता शोषखड्डा आहे. सेप्टिक टाकीला तळ घातला नाही तरी ती भरत नाही, उपसायला टँकर लागत नाही, आणि टाकी भरत नाही म्हणजे ती उत्तम चालते असं सगळे मानतात. जांभ्यातून खाली गेलेलं पाणी त्याखालच्या चिकण थरावर किंवा काळ्या कातळावर अडतं, आडवं सरकतं आणि पठाराच्या कडेला झरा होऊन बाहेर पडतं. त्या झऱ्यावर खालची वाडी हंडे लावते. तुमच्या हॉटेलातली टाकी आणि तिच्या हंड्यातलं पाणी यांच्यात नातं आहे हे सिद्ध करायला रंगद्रव्य सोडून माग काढावा लागतो. तो प्रस्ताव आला तर निधीअभावी पुढच्या वर्षी घ्या. पुढच्या वर्षी नमुना ठिकाणांअभावी.

तरीही कधीतरी प्रयोगशाळेचा अहवाल द्यावाच लागेल. त्यासाठी ऑगस्ट राखून ठेवा. माझा सगळ्यात लाडका सल्ला हाच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. पाण्यातली घाण कुजवायला जीवाणूंना जो प्राणवायू लागतो, त्यावरून घाण मोजतात. त्याला बीओडी म्हणतात. कच्च्या मैलापाण्यात तो साधारण लिटरला 200 ते 300 मिलिग्रॅम असतो. 2017 च्या केंद्राच्या मानकांनुसार महानगरं, राजधान्या वगैरे सोडून इतर गावांना 30 पर्यंत मुभा आहे. (हरित लवादानं 2019 मध्ये आणखी कडक आकडे सांगितले, पण तुम्ही जुना कागदच जवळ ठेवा.) महाबळेश्वरच्या पठारावर वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, त्यातला बराचसा जुलै-ऑगस्टमध्येच. ओढा दुथडी असताना बाटली बुडवा. एक भाग मैलापाणी आणि नऊ भाग पावसाचं पाणी म्हणजे बीओडी 20 ते 30. पास! पाण्यात हवा सोडणारा एक ब्लोअर न लावता. घाण तेवढीच उतरली, पण लिटरमागं कमी दिसली, आणि मानक लिटरमागंच मोजतं. मे महिन्यात नमुना घ्या असं म्हणणारा माणूस विकासविरोधी असतो, त्याचं नाव लिहून ठेवा.

यंत्रं बसवू नका असं मात्र मी म्हणणार नाही. जरूर बसवा. निविदा यंत्रांची निघते, बिलं यंत्रांची निघतात, फीत यंत्रांपुढे कापली जाते. फक्त चालवण्याचा आग्रह नको, कारण हे ब्लोअर विजेचं मीटर गरगर फिरवतात आणि वीजबिलावर कुणाचा फोटो छापत नाहीत. तुम्ही एकटे पडणार नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2020-21 च्या मोजणीनुसार देशातल्या शहरांत 72,368 एमएलडी सांडपाणी तयार होतं. बसवलेली क्षमता 31,841. प्रत्यक्ष प्रक्रिया होते 20,235 वर. म्हणजे बसवलेल्यातलंही एक तृतीयांश नुसतं उभं आहे, ताठ मानेनं. तुमचंही उभं राहील.

मग उरलेलं जातं कुठे? परत नकाशा काढा. तुमचं गाव महाबळेश्वरसारख्या पठारावर असेल तर काय विचारता! कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री, पाच नद्यांचा उगम एका मंदिरात दाखवतात. सावित्री महाडकडे उतरते. कृष्णा वाईला जाते, माहुलीला वेण्णेला घेते, कऱ्हाडला कोयनेला, मग सांगली, नरसोबाची वाडी, पुढे कर्नाटक, तेलंगणा, आंध्र. एवढ्या लांबच्या काठावर तुमच्या प्रभागातला एक तरी मतदार सापडतो का, बघा. नाही ना? उगमाजवळ राहण्याचं पुण्य ते हेच. नरसोबाच्या वाडीच्या घाटावर कुणी ओंजळीत पाणी घेऊन डोळे मिटतो, तेव्हा तो तुमच्या प्रभागाशी किती जवळचं नातं जोडतो हे त्याला कळतही नाही.

प्रक्रियेकडे वळू. विकास आराखड्यात बदल करायचा तर नगररचना अधिनियमाच्या कलम 37 खाली राजपत्रात नोटीस आणि हरकतींना एक महिना. राजपत्र हे लोकशाहीतलं सर्वात प्रामाणिक नियतकालिक आहे; त्यात सगळं छापलेलं असतं आणि वाचक नसतो. महिना निवडताना घाट बंद असतो तो निवडा. मूळ ठराव मात्र विषयपत्रिकेवर कधीही घेऊ नका. सर्वसाधारण सभेत शेवटी, वडापाव आले की, ‘ऐनवेळचे विषय’ असतात. गटारावरची झाकणं, दिवंगतांना श्रद्धांजली, आणि त्यांच्यामध्ये गट नंबर अमुक येथील आरक्षण. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर. विरोधकांची चिंता नको, त्यांचाही एक विषय त्याच यादीत असतो.

‘पण सर, आपण संरक्षित क्षेत्रात आहोत’ असं एखादा तरुण अभियंता म्हणेल. त्याला पश्चिम घाट संवेदनशील क्षेत्र ठरवण्याची गोष्ट सांगा. गाडगीळ समितीचा अहवाल 2011 चा, कस्तुरीरंगन यांचा 2013 चा, आणि मसुदा अधिसूचना 2014 पासून जुलै 2024 पर्यंत सहा. मसुद्यावर मसुदा. एवढ्या काळात त्याची बढती होईल आणि बदलीही.

शेवटी सुनावणी. ती टाळता येत नाही, म्हणून दालन लहान घ्या आणि खुर्च्या अकरा ठेवा. खालच्या वाडीतून बायामाणसं चढून येतील, दमलेली असतील, त्यांना आधी पाणी द्या. सीलबंद. वकील बोलतील, पर्यावरणवाले पीपीटी लावतील, हे सगळं ‘नोंद घेतली’मध्ये बसतं. अडचण फक्त एका माणसाची होते. शेवटच्या रांगेतला एक म्हातारा उठतो. त्याच्याकडे कागद नसतो. तो पिशवीतून झऱ्याच्या पाण्याची बाटली काढतो, तुमच्या टेबलावर ठेवतो आणि म्हणतो, ‘साहेब, बोलत काही नाही. एवढं दोन घोट प्या.’

अशा वेळी गडबडू नका, तिच्याकडे हातही नेऊ नका. मुख्याधिकाऱ्यांकडे वळून शांतपणे विचारा, प्लास्टिकबंदी असलेल्या संरक्षित क्षेत्रात ही बाटली आत आलीच कशी? तिथल्या तिथे दंडाची पावती फाडायला सांगा. म्हाताऱ्याचं नाव, गाव, सही. पावतीपुस्तक याच कामासाठी आरोग्य निरीक्षकाच्या खिशात असतं, आणि पहिल्या गुन्ह्याला पाच हजार रुपये आहेत.