सेखोंना वाढीव आकड्यांची गरज नाही

डिसेंबर लागला की आमच्या नांदेडच्या ग्रुपांवर १९७१ च्या भारत-पाक युद्धात परमवीर चक्र मिळवलेले हवाई दलाचे फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों यांचा फोटो फिरायला लागतो. फिरू द्या की. हुजूर साहिबच्या गावात नाही फिरणार तर कुठं? माझी तक्रार फोटोखालच्या मजकुराबद्दल आहे. त्यांनी पाडलेल्या विमानांचा आकडा दर वर्षी वाढतोय. यंदा पाकिस्तानची सहाच्या सहा सेबर लढाऊ जेट पाडून झाली! आमची भाची शाळेतल्या भाषणासाठी तेच पाठ करत होती, हातवाऱ्यांसकट.

अहो, जे घडलं तेच एवढं मोठं आहे की त्यात तिखटमीठ घालायला जागाच नाही.

१४ डिसेंबर १९७१, श्रीनगर. १९४८ पासूनच्या आंतरराष्ट्रीय करारामुळे तिथं लढाऊ विमानं ठेवलेली नव्हती. युद्ध पेटल्यावर आपल्या हवाई दलाच्या १८ स्क्वाड्रनची (तुकडीची) नॅट ही छोटी लढाऊ विमानं आली. म्हणजे डोंगर अनोळखी, उंचीची सवय नाही, वर काश्मीरची डिसेंबरातली थंडी. त्या सकाळी पेशावरहून सहा सेबर आली. पहिल्या नॅटमध्ये फ्लाइट लेफ्टनंट घुम्मन होते, मागच्यात सेखों. घुम्मन उडाले आणि धावपट्टीवर बॉम्ब पडायला लागले.

मला विचाराल तर सगळी गोष्ट इथं आहे. लढाऊ विमान सगळ्यात लाचार असतं ते उड्डाणाच्या वेळी. वेग नाही, उंची नाही, वळता येत नाही. सरळ रेषेत पळायचं आणि वरच्यानं खुशाल नेम धरायचा. समोर बॉम्ब फुटतायत, पुढचा जोडीदार दिसेनासा झालाय. अशा वेळी विमान सोडून खंदक गाठला असता तरी कुणी नाव ठेवलं नसतं. या माणसानं थ्रॉटल, म्हणजे वेग वाढवायचा दांडा, पुढं ढकललं. वय तिशीच्या आतलं, लग्न होऊन काही महिनेच झालेले.

वर गेल्यावर ते दोन सेबरांच्या मागं लागले. परमवीर चक्राच्या मानपत्रात लिहिलंय ते एवढंच: एका विमानाला गोळ्या लागल्या, दुसरं पेटवलं. आपलं विमान पडल्याचं पाकिस्तान मानत नाही, तो वाद चालू राहील. झाडांच्या शेंड्यांइतक्या उंचीवर ही झुंज चालली. घुम्मनना परत येऊन सेखोंच्या जोडीनं लढता आलं नाही. सेखों एकटेच होते. शेवटी संख्येपुढं इलाज चालला नाही. विमानाचे अवशेष एका दरीत सापडले, देह कधीच सापडला नाही. आणि ज्यानं त्यांना पाडलं त्या पाकिस्तानी वैमानिक सलीम बेग मिर्झा यांनीच पुढं लेख लिहून त्यांचं कौतुक केलं. हे मात्र आपल्या फॉरवर्डात कधी येत नाही. शत्रूनं केलेलं कौतुक आपल्याला का पचत नाही, देव जाणे.

आजवर २१ परमवीर चक्रं दिली गेली, त्यात हवाई दलाचं हे एकच. २०२३ मध्ये अंदमानातल्या एका बेटाला त्यांचं नाव दिलं. आकडेच पाहिजेत तर हे घ्या ना, हे खरे आहेत.

भाचीनं कुरकुरत ‘सहा विमानं पाडली’ खोडलं आणि त्या जागी उड्डाणाचा प्रसंग घेतला. बक्षिसाचं काही खरं नाही, परीक्षकसुद्धा त्याच ग्रुपात आहेत.