वस्तीला नळ-गटार दिलं की आजार कमी होतात, हे मोजून झालंय

नातेवाइकांच्या ग्रुपवर आत्याने एक मेसेज पुढे पाठवला. म्हणे झोपडपट्टी सुधारण्यावरचा पैसा वाया जातो, तिथले लोक स्वतःच्या सवयींमुळे आजारी पडतात, त्यांना सगळं फुकट हवं असतं, आणि वस्ती पाडून इमारती बांधल्या की रोगराई संपेल. आत्या स्वतः चाळीत वाढली, म्हणून जास्तच राग आला.

सवयींचा मुद्दा आधी, कारण सगळ्यात विषारी तोच. कितीतरी वस्त्यांत पाणी दिवसातून तास-दोन तास येतं आणि नळाचे बारीक पाइप गटारातूनच ओढलेले असतात. पाणी गेलं की दाब उतरतो आणि जिथे चीर असेल तिथून गटाराचं पाणी आत शिरतं. बाईने हात दहादा धुतले तरी धुणार त्याच पाण्याने ना!

अहमदाबादला 1995 पासून ‘परिवर्तन’ योजनेत वस्त्यांना घरोघरी नळ, संडास, भुयारी गटार, फरसबंद गल्ल्या मिळाल्या. माणसं तीच राहिली. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ‘सेवा’ या कष्टकरी बायकांच्या संघटनेच्या आरोग्यविम्याचे दावे तपासले, तेव्हा दावा पाण्याशी निगडित आजाराचा असण्याची शक्यता 32 टक्क्यांवरून 14 टक्क्यांवर आलेली दिसली. सवयी दोषी होत्या, तर हा आकडा निम्म्याहून खाली कसा आला?

आणि फुकट? त्याच योजनेत प्रत्येक कुटुंबाने 2000 रुपये भरले होते.

इमारतींचं म्हणणं अर्धं खरं आहे, मानते. घरात संडास असला की बायकांना रात्री बाहेर जावं लागत नाही. पण मुंबईत मानखुर्द-गोवंडीतलं लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड बघा, झोपड्यांतल्या लोकांना हलवलं त्या इमारती. दोन इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटर अंतर, खालच्या मजल्यांना ना ऊन ना वारा. तिथे झालेल्या पाहणीत क्षयाचे रुग्ण जवळच्याच मोकळ्या पीएमजीपी वसाहतीपेक्षा कितीतरी जास्त निघाले, त्यातही खालच्या मजल्यांवर अधिक. क्षय हवेतून पसरतो, कोंदट खोलीत त्याला आयतं रान मिळतं. पक्की भिंत त्याला अडवत नाही.

‘घरं विकून परत झोपडीत जातात’ असंही मेसेजमध्ये आहे. काही जण विकतात, हो. मेंटेनन्स झेपत नाही, काम लांब पडतं. पण याचा जुलाबाशी किंवा क्षयाशी काय संबंध, ते त्या मेसेजमध्ये एका ओळीनेही सांगितलेलं नाही.