नव्वद दिवसांत खुर्ची सोडण्याची कला

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एखाद्या सोसायटीचे तुम्ही सेक्रेटरी असाल आणि चेअरमनच्या खुर्चीवर डोळा असेल, तर मिसळ खात कट शिजवणं सोडा. पाकिस्तानचे लष्करशहा जनरल झिया-उल-हक यांची कारकीर्द अभ्यासा.

आधी गरीब दिसायला शिका. जालंधरमध्ये जन्मलेल्या या गृहस्थाला 1976 मध्ये पंतप्रधान भुट्टोंनी ज्येष्ठांना डावलून लष्करप्रमुख केलं. एवढा नम्र माणूस, हा काय डोईजड होणार! तुम्हीही चेअरमनसाहेबांच्या गाडीचं दार उघडा, त्यांच्या नातवाच्या मुंजीत पंगत वाढा.

मग मुहूर्त. 5 जुलै 1977 ला झियांनी सत्ता घेतली तेव्हा निवडणुकीतल्या घोटाळ्याच्या आरोपांवरून देश आधीच पेटला होता. तुमच्याकडे टँकरच्या बिलावरून पेटेलच. दप्तर ताब्यात घेताना हात जोडून सांगा, मला कसली हौस, 90 दिवसांत निवडणूक घेतो. झियांचे 90 दिवस 11 वर्षं पुरले.

ज्यांनी नेमलं त्यांचं काय? भुट्टोंना एप्रिल 1979 मध्ये फाशी दिली. आपल्या उपविधींत तशी तरतूद नाही, ही अडचणच आहे म्हणा. पार्किंगच्या थकबाकीची नोटीस काढा, भागतं. तिकडे सेन्सॉरने बातम्या कापल्या की वर्तमानपत्रं तेवढे रकाने कोरे सोडत. तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप 'ओन्ली अ‍ॅडमिन' केला की झालं.

खरी करामत मात्र डिसेंबर 1984 च्या जनमत चाचणीची. प्रश्न असा की, कायदे इस्लामनुसार करण्याच्या धोरणाला तुमचा पाठिंबा आहे का? 'हो' म्हणालात की झिया आणखी 5 वर्षं राष्ट्राध्यक्ष. 'नाही' म्हणायची कुणाची छाती? सरकारी आकड्यांत जवळजवळ सगळेच 'हो' निघाले. तुम्ही सर्वसाधारण सभेत विचारा, 'सोसायटीच्या गणपतीची आरती रोज व्हावी का?' खाली बारीक अक्षरांत टीप: होकार म्हणजे विद्यमान पदाधिकाऱ्यांना मुदतवाढ. सगळे हात वर. चहा-बिस्किटं फिरवा.

पुढे लोकलाजेस्तव एखादा पंतप्रधानही ठेवावा. झियांनी जुनेजोंना ठेवलं. ते स्वतःच्या डोक्याने चालू लागले, तसं मे 1988 मध्ये घरी पाठवलं.

त्यानंतर तीन महिन्यांत, 17 ऑगस्टला, बहावलपूरहून उडालेलं झियांचं विमान कोसळलं. घातपात की बिघाड, वाद अजून मिटलेला नाही. विमानात आंब्याच्या पेट्या चढवल्या होत्या, त्यांच्यावरही संशय आहे. तेव्हा ओझरला विमान पकडताना कुणी फारच प्रेमाने पेटी पुढे केली, तर म्हणावं, राहू दे, एसटीने पाठव.