परदेशातून : वर्गणीच्या आधी पाळी हवी

पुण्यातल्या सोसायट्यांत शेजार उरला नाही, हा विषय जर्मनीतल्या मराठी घरांतही हमखास निघतो. कुणी म्हणतं, वाडे पडले तेव्हाच शेजार संपला. कुणी म्हणतं, गणपती दणक्यात करा, सगळे आपोआप खाली उतरतील. मला दोन्ही पटत नाही. दहा दिवस एकत्र आरती म्हणूनही वरच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजोबांचं नाव माहीत नसतं. शेजार जुळतो तो पाळीने येणाऱ्या छोट्या कामातून.

श्टुटगार्टकडच्या बऱ्याच इमारतींत केअरवोखेची, म्हणजे झाडलोटीच्या आठवड्याची, पद्धत आहे. ज्याची पाळी, त्याच्या दाराला पाटी. छोट्या पाळीत आपल्या मजल्याचा जिना झाडायचा-पुसायचा. मोठ्या पाळीत प्रवेशद्वार, तळघर, समोरचा फुटपाथ. आठवडा संपला की पाटी पुढच्या दाराला अडकवायची. जिना नीट पुसला नाही म्हणून कुरबुरी होतात, पण त्या समोरासमोर होतात. मुख्य म्हणजे मालक आणि भाडेकरू असा भेद पाळीत नसतो. चहाला बोलावण्यात मात्र पुणेकर शेजारी इथल्यापेक्षा कितीतरी मोकळे आहेत, आणि ते भांडवल आपण वाया घालवतो आहोत.

आपल्याकडे भाडेकरूला सर्वसाधारण सभेत मत नाही. फ्लॅट भाड्याने दिला म्हणून मालकाकडून सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत बिनभोगवटा शुल्क घेतात, म्हणजे भाडेकरू कुठल्या घरात आहेत हे सोसायटीला पक्कं ठाऊक असतं. तरी बैठकीचं बोलावणं त्यांच्या दारापर्यंत जात नाही. बाणेर-वाकडकडच्या ज्या विंगमध्ये निम्मी घरं भाड्याने असतील, तिथे शेजारही निम्माच राहतो.

सुरुवातीला ओल्या कचऱ्याचं खत करण्याचं काम उत्तम. वीस घरांची एक विंग धरा, अख्खी सोसायटी नको. रोज साधारण दहा-बारा किलो ओला कचरा निघतो. पिंपात एक बादली कचऱ्यावर तेवढाच सुका पाला, वर झाकण, आठवड्यातून एकदा खालीवर. दीड-दोन महिन्यांत खत तयार होतं. दर आठवड्याला दोन घरांची पाळी, त्यातलं शक्यतो एक भाडेकरूंचं; म्हणजे अनोळखी माणसं एका पिंपाशी उभी राहून बोलतात.

हे बिघडतं ते बहुतेक पावसाळ्यात. पाला संपतो, पिंपात पाणी साचतं, वास आणि अळ्या येतात आणि ग्रुपवर ‘बंद करा हे’ सुरू होतं. म्हणून फेब्रुवारी-मार्चच्या पानगळीतच दहा-बारा पोती पाला भरून आडोशाला ठेवायचा. दुसरी गडबड म्हणजे सगळं काम सफाईवाल्या ताईंवर टाकणं. खत तेव्हाही होतं, पण शेजारी भेटत नाहीत, आणि ताईंचं काम वाढूनही पगार तेवढाच राहतो. ते अन्यायाचं आहे.

पहिलं बोलावणं ग्रुपवर टाकू नका. शनिवारी संध्याकाळी दोघांनी वीसही दारं वाजवायची आणि एवढंच विचारायचं : रविवारी पाच वाजता पार्किंगमध्ये अर्धा तास याल का? खुर्च्या गोल, चहा घरचा, वर्गणी शून्य. मेंटेनन्सची थकबाकी आणि पार्किंगचा वाद त्या दिवशी काढायचा नाही. कमिटीतल्या कुणी तो काढलाच, तर पुढच्या वेळी निम्मे लोक येणार नाहीत.

दोन-तीन महिने पाळी नीट चालली की त्याच माणसांकडून विंगची यादी करून घ्यायची. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याचं पाणी घरांत शिरलं, जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत तेच झालं. अशा वेळी अग्निशमन दलाच्या आधी पोचतो तो शेजारी. यादीत कोण एकटं राहतं, कुणाला जिना उतरता येत नाही, कुणाची किल्ली कुणाकडे असते, मेन स्विच आणि पाण्याचा पंप बंद करणं कुणाला येतं, एवढं असलं की पुरे. प्रत्येकाला विचारूनच नोंद करायची. फोन नंबर आणि किल्ल्यांची माहिती नोटीस बोर्डावर लावायची नाही. कागदावर छापून घरोघरी द्यायची, कारण वीज गेली की लिफ्ट बंद आणि फोनही काही तासांत. भाडेकरू बदलत राहतात, म्हणून यादी दर मे महिन्यात, पावसाच्या आधी, पुन्हा दारोदार जाऊन तपासायची.